हेन्रिएटा लॅक्स: न विचारता घेतलेल्या पेशी आणि न विचारता जाहीर झालेला जीनोम

रुग्णालयात दाखल होताना किंवा शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तुमच्यापुढे कागदांचा गठ्ठा येतो. घरचे घाईत असतात, सही कुठे करायची ते कोणीतरी बोटाने दाखवते आणि सह्या होतात. त्यातल्या एखाद्या कागदावर असेही लिहिलेले असू शकते की, तुमच्या शरीरातून काढलेला नमुना किंवा तुमची माहिती पुढे संशोधनासाठी वापरायला तुमची हरकत नाही. बहुतेक जण ते वाचत नाहीत.

त्या एका ओळीमागे बरेच काही आहे. रक्त, गाठीचा तुकडा किंवा शौचाचा नमुना यांतून आज माणसाची जनुकीय माहिती वाचता येते. ती संगणकावर साठवली की जगभरातल्या संशोधकांना पाहता येते. त्यातून उद्याच्या रुग्णांचे भले होते. पण ही माहिती एकट्या तुमची नसते. ती तुमच्या मुलांची आणि भावंडांचीही असते. म्हणूनच ती द्यायची का, कोणाला द्यायची आणि कशासाठी द्यायची, हे तुम्हाला विचारले गेले पाहिजे.

हा प्रश्न जगापुढे आणणाऱ्या बाईंचे नाव हेन्रिएटा लॅक्स. त्या १९५१ साली, वयाच्या ३१ व्या वर्षी गेल्या. त्यांच्या पेशी मात्र आजही प्रयोगशाळांत वाढत आहेत. तुम्ही किंवा तुमच्या मुलांनी पोलिओची किंवा एचपीव्हीची लस घेतली असेल, तर त्या लसींमागच्या संशोधनाला या बाईंच्या पेशींचा हातभार लागलेला आहे.

तंबाखूच्या शेतातले बालपण

हेन्रिएटा यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, रोअनोक येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. जन्माच्या वेळी त्यांचे नाव लोरेटा प्लेझंट होते. त्या चार वर्षांच्या असताना आई दहाव्या बाळंतपणात वारली. इतकी मुले एकट्याने सांभाळणे वडिलांना जमेना. त्यांनी मुले नातेवाइकांकडे वाटून ठेवली. हेन्रिएटा क्लोव्हर या गावी आजोबांकडे आल्या. तिथले घर लाकडी ओंडक्यांचे होते आणि पूर्वी त्याच घरात गुलाम राहत असत.

लहानपणापासून त्या तंबाखूच्या शेतात राबल्या. शाळा सहावीच्या सुमारास सुटली. पहिले मूल वयाच्या चौदाव्या वर्षी झाले. १९४१ साली, त्याच घरात सोबत वाढलेल्या, नात्यातल्या डेव्हिड लॅक्स यांच्याशी त्यांचे लग्न झाले. शेतीत पोट भरेना, म्हणून हे कुटुंब बाल्टिमोर शहराजवळच्या टर्नर स्टेशन या वस्तीत राहायला गेले. जवळच्या पोलाद कारखान्यात डेव्हिड यांना काम मिळाले.

त्यांना पाच मुले झाली. थोरली मुलगी एल्सी हिची बौद्धिक वाढ नीट झाली नव्हती आणि तिला फिट्स येत. तिला पुढे कृष्णवर्णीयांसाठीच्या सरकारी मनोरुग्णालयात ठेवावे लागले. तिथेच १९५५ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी ती वारली.

गाठ लागते आहे, हे त्यांना आधी कळले

पाचव्या बाळंतपणाच्या आगेमागे हेन्रिएटा यांना ओटीपोटात गाठ असल्यासारखे वाटू लागले. मधेच रक्तस्राव होऊ लागला. २९ जानेवारी १९५१ रोजी त्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेल्या. गरीब कृष्णवर्णीय रुग्णांवर उपचार करणारी मोठी रुग्णालये तेव्हा मोजकीच होती. तिथेही गोऱ्यांचे आणि काळ्यांचे वॉर्ड वेगळे होते. धाकटा मुलगा त्या वेळी अवघा काही महिन्यांचा होता.

स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. हॉवर्ड जोन्स यांना गर्भाशयाच्या मुखावर गाठ दिसली. तिचा तुकडा तपासल्यावर कॅन्सर असल्याचे निश्चित झाले. कॅन्सरचा उपप्रकार तेव्हा ओळखला गेला त्यापेक्षा वेगळा होता, असे पुढे १९७०च्या दशकात फेरतपासणीत आढळले. पण त्या काळी दोन्हींवर उपचार तेच होते.

इथे तुमच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणे, शरीरसंबंधानंतर रक्त जाणे, पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्त दिसणे किंवा दुर्गंधीयुक्त पांढरे पाणी जाणे ही लक्षणे अंगावर काढू नका. त्यामागे दर वेळी कॅन्सर असतो असे नाही, पण स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे गरजेचे असते.

दोन तुकडे

त्या काळी या कॅन्सरवर रेडियमचा उपचार करत. किरणोत्सारी रेडियमच्या छोट्या नळ्या गर्भाशयाच्या मुखाजवळ बसवल्या जात. हेन्रिएटा यांना भूल दिलेली असताना, या नळ्या बसवण्याआधी शल्यचिकित्सकांनी दोन लहान तुकडे काढले. एक गाठीचा आणि एक शेजारच्या निरोगी भागाचा. उपचारासाठी या तुकड्यांची गरज नव्हती. ते संशोधनासाठी होते.

हेन्रिएटा यांनी उपचारांच्या परवानगीपत्रावर सही केली होती. पण असे तुकडे घेतले जातील आणि ते प्रयोगशाळेत जातील, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. तेव्हा तसे विचारण्याची पद्धत नव्हती आणि कायद्याचे बंधनही नव्हते. मोफत उपचार घेणाऱ्या रुग्णांचे नमुने संशोधनासाठी घेण्यात अनेक डॉक्टरांना काही वावगे वाटत नसे.

तुकडे पोहोचले त्याच रुग्णालयातल्या डॉ. जॉर्ज ऑटो गाय यांच्या प्रयोगशाळेत. शरीराबाहेर मानवी पेशी कायम वाढत्या ठेवण्याचा प्रयत्न ते अनेक वर्षे करत होते. पेशी काही दिवस तग धरत आणि मरून जात. हेन्रिएटा यांच्या निरोगी पेशीही तशाच मेल्या. गाठीतल्या पेशी मात्र वाढतच राहिल्या. साधारण दिवसाभरात त्यांची संख्या दुप्पट होत होती. नाव आणि आडनाव यांची पहिली दोन-दोन अक्षरे घेऊन प्रयोगशाळेने त्यांना हेला असे नाव दिले.

या पेशी का मरत नव्हत्या, याचे उत्तर खूप नंतर मिळाले. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाला १९८०च्या दशकात या पेशींत एचपीव्ही विषाणूचा १८ क्रमांकाचा प्रकार सापडला. या विषाणूची जनुके पेशीच्या जनुकांत घुसून बसली होती आणि पेशीच्या वाढीवरचा लगाम सुटला होता. शिवाय सामान्य पेशी ठरावीक वेळा विभागल्या की थांबतात. ती मर्यादा ओलांडायला मदत करणारे टेलोमरेज नावाचे विकर हेला पेशींत जोमाने काम करत असते.

ऑक्टोबर १९५१

उपचारांना सुरुवातीला यश येते आहे असे वाटले. पण काही महिन्यांतच कॅन्सर पोटभर पसरला. ऑगस्टमध्ये हेन्रिएटा रुग्णालयात दाखल झाल्या, त्या पुन्हा घरी आल्याच नाहीत. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी त्यांचे निधन झाले. क्लोव्हरला, कुटुंबाच्या जमिनीत त्यांना पुरण्यात आले. त्या जागी नाव लिहिलेला दगडही नव्हता.

पेशी सगळ्यांना वाटल्या गेल्या

या गोष्टीचा पुढचा भाग समजून घेताना दोन्ही बाजू पाहायला हव्यात.

डॉ. गाय यांनी या पेशींचे पेटंट घेतले नाही. मागेल त्या संशोधकाला त्यांनी त्या पाठवल्या. जॉन्स हॉपकिन्सनेही हेला पेशी विकून पैसे केले नाहीत, असे ती संस्था सांगते. साधने आणि माहिती सर्वांसाठी खुली ठेवण्याला आज विज्ञानात जे महत्त्व आहे, त्याचे हे एक जुने उदाहरण म्हणता येईल.

त्याचा फायदा लवकरच दिसला. डॉ. जोनास साल्क यांच्या पोलिओ लसीची १९५४ साली मोठी चाचणी झाली. तिच्यासाठी प्रचंड प्रमाणावर पेशी लागणार होत्या. अलाबामा राज्यातल्या टस्कीगी इन्स्टिट्यूट या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेत हेला पेशी तयार करण्याचे केंद्र उभे राहिले. पुढे कॅन्सर, विषाणू, औषधांचे दुष्परिणाम, किरणोत्सर्ग अशा असंख्य अभ्यासांत या पेशी वापरल्या गेल्या. त्सुर हाउझेन यांना एचपीव्ही आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवल्याबद्दल २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एचपीव्हीचे १६ आणि १८ हे दोन प्रकार मिळून या कॅन्सरच्या सुमारे ७० टक्के रुग्णांना कारणीभूत असतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस याच दोन प्रकारांपासून, आणि मस्से निर्माण करणाऱ्या आणखी दोन प्रकारांपासून संरक्षण देते. पुण्यातल्याच राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहातून भारतातल्या प्रयोगशाळांना हेला पेशी मिळतात.

दुसरी बाजू अशी की, लवकरच व्यापारी कंपन्याही या पेशी बनवून विकू लागल्या. लोक पेशींना ओळखत होते, बाईंना नाही. कितीतरी वर्षे हेलन लेन किंवा हेलन लार्सन अशी चुकीची नावे छापली जात होती. खरे नाव वैद्यकीय नियतकालिकात आले ते १९७१ साली, डॉ. गाय यांच्या निधनानंतर त्यांच्यावर लिहिलेल्या लेखात. घरच्यांना तोवर काहीच माहीत नव्हते.

रक्त तपासायला आलेली माणसे

१९६६ साली एक अडचण लक्षात आली. हेला पेशी इतक्या जोमाने वाढतात की दुसऱ्या पेशींच्या बाटलीत चुकून शिरल्या तर त्यांना मागे टाकून सगळी जागा व्यापतात. अनेक प्रयोगशाळा ज्यांना वेगळ्या पेशी समजत होत्या, त्या प्रत्यक्षात हेला निघाल्या. कुठल्या पेशी हेला आहेत हे नेमके ओळखायचे, तर हेन्रिएटा यांच्या जवळच्या नातेवाइकांच्या जनुकीय खुणा हव्या होत्या.

म्हणून १९७३च्या सुमारास संशोधक कुटुंबाच्या घरी रक्ताचे नमुने घ्यायला आले. तेव्हा कुटुंबाला कळले की हेन्रिएटा यांचा काही भाग अजून जिवंत आहे. पण त्याचा अर्थ त्यांना कोणी नीट समजावला नाही. आईला झालेला कॅन्सर आपल्यालाही आहे का, हे तपासण्यासाठी रक्त घेतले जात आहे, अशी त्यांची समजूत झाली. मुलगी डेबोरा आपल्यालाही तेच होणार या भीतीत दिवस काढत राहिली आणि निकालाची वाट पाहत राहिली. संशोधकांच्या दृष्टीने मात्र ती त्या कुटुंबाची आरोग्यतपासणी नव्हतीच. १९७६ साली कुटुंबाच्या रक्तातून मिळालेल्या जनुकीय खुणा शास्त्रीय नियतकालिकात छापून आल्या. १९८०च्या दशकात एका पुस्तकात हेन्रिएटा यांच्या रुग्णालयातल्या नोंदींचा तपशील आला. त्यासाठीही घरच्यांना विचारलेले नव्हते.

आईच्या पेशींवर उद्योग उभे राहत असताना मुलांपैकी काहींकडे स्वतःच्या उपचारांसाठी आरोग्यविमाही नव्हता. ही खंत त्या कुटुंबाने पुढे अनेकदा बोलून दाखवली.

तुम्ही कधी संशोधनासाठी रक्त दिले, तर हा फरक लक्षात ठेवा. उपचारासाठी केलेल्या तपासणीचा अहवाल तुम्हाला मिळतो. संशोधनासाठी घेतलेल्या नमुन्याचा निकाल तुम्हाला कळेलच असे नाही. कळणार की नाही, हे आधीच विचारून घ्यायचे असते.

मार्च २०१३: जीनोम सर्वांसाठी खुला

जीनोम म्हणजे पेशीतल्या सगळ्या जनुकीय मजकुराचा संच. माणसाचा जीनोम वाचण्याच्या जागतिक प्रकल्पातल्या शास्त्रज्ञांनी १९९६ साली बर्म्युडा येथे एक चांगला निर्णय घेतला होता. वाचून झालेला मजकूर २४ तासांच्या आत सर्वांसाठी खुला करायचा आणि कोणी तो अडवून ठेवायचा नाही, असे ठरले. त्या प्रकल्पासाठी रक्त देणाऱ्यांना विचारलेले होते आणि त्यांची नावे गुप्त ठेवली होती.

या खुलेपणाचा तुम्हाला थेट उपयोग होतो. समजा, स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णाची जनुकीय चाचणी केली आणि अहवालात एखाद्या जनुकातला बदल दिसला, पण त्याचा अर्थ निश्चित नाही असे लिहून आले. तो बदल घातक आहे की निरुपद्रवी, हे ठरवायला हजारो इतर माणसांच्या माहितीशी तुलना करावी लागते. माहिती जितकी जास्त आणि जितकी खुली, तितके उत्तर लवकर मिळते. दुर्मिळ आजार असलेल्या मुलांच्या आईवडिलांना कधी कधी दुसऱ्या देशातल्या तशाच एका मुलाच्या नोंदीमुळे निदान मिळते.

मार्च २०१३ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथील युरोपियन मॉलिक्युलर बायॉलॉजी लॅबोरेटरीच्या संशोधकांनी हेला पेशींचा जीनोम वाचून, रूढ पद्धतीप्रमाणे सर्वांसाठी खुला केला. त्यांनी कोणताही नियम मोडला नव्हता. हेला पेशी तर साठ वर्षे जगभर वापरात होत्याच. पण लॅक्स कुटुंबाला हे आधी कळवलेले नव्हते.

इथे प्रश्न वेगळा होता. या पेशी कोणाच्या, हे एव्हाना सगळ्या जगाला माहीत होते. आईचा निम्मा जनुकीय वारसा मुलांकडे येतो, तिथून नातवंडांकडे जातो. कॅन्सरमुळे हेला पेशींचा जीनोम बराच विस्कटलेला आहे, तरी हेन्रिएटा यांच्या मूळ वारशाचा मोठा भाग त्यात वाचता येतो. म्हणजे जिवंत असलेल्या, नावानिशी ओळखता येणाऱ्या नातवंडांच्या आजारांच्या शक्यतांबद्दल कोणीही अंदाज बांधू शकत होते.

नाव काढून टाकले की झाले, असे तुम्हाला वाटेल. पण त्याच वर्षी जानेवारीत एका शास्त्रीय लेखाने दाखवले होते की, नावाशिवाय खुल्या ठेवलेल्या जनुकीय माहितीवरूनही, वंशावळींच्या संकेतस्थळांची मदत घेऊन, सुमारे ५० माणसांची ओळख पटवता येते. हेला पेशींच्या बाबतीत तर नाव लपलेलेच नव्हते.

कुटुंबाने आणि अनेक शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतल्यावर संशोधकांनी ती माहिती मागे घेतली.

कुटुंबाने काढलेला मधला मार्ग

यानंतर अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या सरकारी संस्थेचे तेव्हाचे संचालक फ्रान्सिस कॉलिन्स आणि त्यांचे सहकारी लॅक्स कुटुंबाला भेटले. अशा तीन बैठका झाल्या. जीनोम म्हणजे काय, त्यातून काय कळू शकते, काय कळू शकत नाही, हे या वेळी समजावून सांगितले गेले. कुटुंबापुढे तीन पर्याय होते. माहिती पूर्ण खुली ठेवायची, पूर्ण बंद करायची किंवा अटी घालून द्यायची.

साठ वर्षांच्या अनुभवानंतर या कुटुंबाने दार बंद केले असते, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. त्यांनी तसे केले नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये करार झाला. हेला जीनोमची माहिती नियंत्रित संग्रहात ठेवायची. ज्या संशोधकाला ती हवी, त्याने अर्ज करायचा आणि आरोग्यविषयक संशोधनासाठीच वापरण्याची अट मान्य करायची. अर्ज तपासणाऱ्या समितीत लॅक्स कुटुंबातले दोन सदस्य असतील आणि शोधनिबंधात कुटुंबाचे ऋण मान्य केले जाईल. या करारात पैशांचा व्यवहार नव्हता.

पैशांचा प्रश्न पुढे न्यायालयात गेला. हेन्रिएटा यांच्या वारसांनी थर्मो फिशर सायंटिफिक या कंपनीवर २०२१ साली दावा लावला आणि १ ऑगस्ट २०२३ रोजी, हेन्रिएटा यांच्या १०३ व्या जन्मदिनी, तडजोड झाल्याचे जाहीर झाले. तिच्या अटी गोपनीय आहेत.

आतड्यातल्या जिवाणूंच्या माहितीचे काय?

अलीकडे मायक्रोबायोमच्या, म्हणजे आपल्या आतड्यात, तोंडात आणि त्वचेवर राहणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या अभ्यासासाठी शौचाचे नमुने मागितले जातात. शौचाच्या नमुन्यात कसली गुप्त माहिती असणार, असे वाटणे साहजिक आहे.

पण त्या नमुन्यात तुमच्या आतड्याच्या पेशींचा थोडा जनुकीय मजकूरही मिसळलेला असतो. म्हणूनच अमेरिकेच्या ह्यूमन मायक्रोबायोम प्रोजेक्टमध्ये जिवाणूंची माहिती खुली ठेवताना माणसाचा मजकूर गाळून काढला आणि तो नियंत्रित संग्रहात वेगळा ठेवला. शिवाय जिवाणूंचा संचही माणसागणिक वेगळा असतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आतड्यातल्या जिवाणूंच्या खुणांवरून ८० टक्क्यांहून अधिक व्यक्ती वर्षभरानंतरही नेमक्या ओळखता आल्या.

यात घाबरण्यासारखे काही नाही. मधुमेह, आतड्याची सूज, मुलांचे कुपोषण अशा विषयांत या अभ्यासांची गरज आहे. आपण काय देतो आहोत, हे माहीत असावे इतकेच.

भारतात तुमचे हक्क कोणते?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०१७ साली संशोधनासाठी राष्ट्रीय नीतिनियम प्रसिद्ध केले. त्यांनुसार मानवी नमुन्यांवर किंवा माहितीवर संशोधन करण्यापूर्वी संस्थेच्या नीती समितीची मान्यता लागते. तुम्हाला समजेल अशा भाषेत माहिती देऊन संमती घ्यावी लागते. सही करणाऱ्याला वाचता येत नसेल, तर निःपक्षपाती साक्षीदार हवा. नकार दिल्याने तुमच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये. नंतर मन बदलले, तर संमती मागे घेण्याचाही हक्क आहे. ओळख पूर्णपणे पुसलेल्या, तपासणीनंतर उरलेल्या नमुन्यांसाठी मात्र नीती समिती वेगळ्या संमतीची अट शिथिल करू शकते.

आपल्या लोकांची जनुकीय माहिती जगाच्या संग्रहांत आजवर फार थोडी होती. त्यामुळे भारतीय रुग्णांच्या अहवालांचा अर्थ लावणे अवघड जाते. ही उणीव भरून काढण्यासाठी जीनोमइंडिया प्रकल्पात ८०हून अधिक समाजगटांतल्या सुमारे १०,००० व्यक्तींचे जीनोम वाचले गेले. जानेवारी २०२५ मध्ये ही माहिती संशोधकांसाठी उपलब्ध झाली. ती फरिदाबादच्या इंडियन बायॉलॉजिकल डेटा सेंटरमध्ये आहे आणि अर्ज करून, अटी मान्य करूनच मिळते. लॅक्स कुटुंबाने निवडलेल्या मार्गाशी मिळतीजुळती अशीच ही व्यवस्था आहे.

सही करण्यापूर्वी हे विचारा

- हा नमुना माझ्या उपचारासाठी आहे, संशोधनासाठी आहे की दोन्हींसाठी?
- यातून माझा जीनोम वाचला जाणार आहे का?
- माझी माहिती सर्वांसाठी खुली असेल की अर्ज करणाऱ्या संशोधकांनाच मिळेल?
- ती परदेशी किंवा खासगी कंपन्यांना दिली जाऊ शकते का?
- माझे नाव आणि माझी माहिती यांची जोडणी कोणाकडे राहील?
- माझ्या किंवा मुलांच्या आरोग्यासाठी महत्त्वाचे काही सापडले, तर मला कळवले जाईल का?
- पुढे संमती मागे घ्यायची असेल तर कोणाशी बोलायचे? आधीच वाटली गेलेली माहिती परत घेता येईल का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा नाही असे असते. एकदा जगभर पोहोचलेली माहिती परत गोळा करता येत नाही. म्हणूनच आधी विचारणे महत्त्वाचे.

संमतीपत्र मराठीत मागा. त्याची प्रत घरी ठेवा. त्यावर नीती समितीचा संपर्क असतो, शंका आल्यास तिथे विचारता येते. जनुकीय चाचणी असेल तर सही करण्याआधी जवळच्या नातेवाइकांशी एकदा बोलून घ्या. निकालाचा संबंध त्यांच्याशीही आहे. घरी किट मागवून केल्या जाणाऱ्या वंशावळीच्या किंवा आतड्याच्या चाचण्यांनाही हे सगळे प्रश्न लागू होतात. तिथे संमती बहुधा मोबाइलवर एका खुणेने दिली जाते, त्यामुळे ती जास्त काळजीपूर्वक वाचा.

आणि हे प्रश्न विचारून समाधान झाले, तर जरूर होकार द्या. पुढच्या रुग्णाचे निदान तुमच्या माहितीमुळे सोपे होऊ शकते.

नाव परत मिळाले

२०१० साली क्लोव्हर येथे हेन्रिएटा यांच्या स्मरणार्थ नाव कोरलेला दगड बसवला गेला. मोरहाउस स्कूल ऑफ मेडिसिनमधल्या एका डॉक्टरांनी तो भेट दिला. ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा मरणोत्तर गौरव केला. तो स्वीकारायला त्यांचे थोरले चिरंजीव लॉरेन्स उपस्थित होते. तेव्हा त्यांचे वय ८७ होते. आई गेली तेव्हा ते किशोरवयीन होते.

हेन्रिएटा यांना १९५१ साली कोणी विचारले असते, तर कदाचित त्यांनी हो म्हटले असते. त्यांच्या नातवंडांनी २०१३ साली विचारल्यावर, अटी घालून का होईना, हो म्हटलेच. तुम्हाला आज विचारले जाते. तेव्हा तो कागद वाचा, प्रश्न विचारा आणि मग ठरवा.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या तपासण्या, लसीकरण किंवा संमतीपत्राबद्दल काही शंका असल्यास तुमच्या डॉक्टरांशी बोला.*